शून्य मिनिटं उशीर

शहर बसच्या डेपोत सांख्यिकी अधिकारी म्हणून काम करणाऱ्या त्या गृहस्थांना तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'सरासरीराव'. हे नाव कोणी पाडलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की एकदा मोठ्या साहेबांनीच भर मीटिंगमध्ये "बोला, सरासरीराव" म्हणून हाक मारली, आणि हे उठून बोलायलाही लागले.

कोणतीही गोष्ट दिसली की तिचा एक आकडा करून टाकावा, ही त्यांची जुनी खोड. घरात स्वयंपाकाचा ओटा बांधायचा होता तेव्हा त्यांनी स्वतःची उंची घेतली, बायकोची उंची घेतली, दोन्ही मिळवून निम्मं केलं आणि गवंड्याला त्या हिशेबाने माप दिलं. हे ताडमाड, ती बुटकी. परिणाम असा झाला की ती स्टुलावर चढून भाजी ढवळायची आणि हे भांडी घासायला उभे राहिले की पाठ धरून बसायचे. "पण ओटा दोघांसाठी आहे ना," ते म्हणत. बायको स्टूल ओढून घेई, जरा जोरातच.

कॉलेजात संख्याशास्त्राचा पहिला धडा त्यांनी तोंडपाठ केला होता. दुसऱ्या धड्यात, आकडे सरासरीच्या आसपास आहेत की चहूकडे पांगलेत ते कसं ओळखायचं, हे होतं. तो शिकवला तेव्हा आपण आजारी होतो असं ते सांगत. त्यांच्या वर्गमित्रांचं म्हणणं वेगळं होतं. ते वर्गातच होते, फक्त जागे नव्हते. पण नोकरी मिळायला पहिला धडा पुरला, बढती मिळायला तर तोही जास्त झाला.

त्यांची खोली वर्कशॉपच्या माडीवर होती. खाली बसची इंजिनं खोललेली असत, खिडकीतून डिझेलचा वास येई आणि टेबलाची काच दिवसभर थरथरत राही. दरवर्षी नवे कंडक्टर भरती झाले की त्यांना त्या खोलीत कोंबून सरासरीराव एक वर्ग घेत. नोंदी कशा करायच्या ते कंडक्टरांना कळावं, हा हेतू. वर्ग मात्र खरोखर चांगला घेत, हे त्यांच्या शत्रूंनीही कबूल केलं असतं.

"जे एका माणसाकडून दुसऱ्याकडे, एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे बदलतं, ते चल," ते फळ्यावर लिहीत. "सांगा, बसमध्ये काय काय बदलतं?"

"ड्रायव्हरचा मूड," मागून कोणीतरी म्हणालं.

"हसू नका, बरोबर आहे. ते गुणात्मक चल. शब्दांत सांगता येतं, आकड्यात नाही. त्यातही दोन जाती. बसचा रंग घ्या. लाल, निळा, पिवळा. यात कोणी वरचढ नाही, नुसती नावं. आता गर्दी घ्या. रिकामी, बरी, खच्चून. इथे क्रम लागतो. पण रिकामी आणि बरी यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच बरी आणि खच्चून यांच्यात आहे, असं छातीवर हात ठेवून कोणी सांगेल का?"

पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

"दुसरं संख्यात्मक. प्रवासी किती? चाळीस, एक्केचाळीस. मधलं काही नाही. साडेचाळीस प्रवासी नसतात. हे खंडित चल."

"साहेब, अर्ध्या तिकिटाची असतात की."

"तिकीट अर्धं. पोरगं पूर्ण असतं. आणि उशीर? तो सलग असतो. चार मिनिटं, सव्वाचार, त्याच्याही मध्ये कितीही बारीक. हे सतत चल. कळलं?"

सगळ्यांना कळे. घोटाळा व्हायचा तो वर्ग सुटल्यावर, सरासरीराव एकटे खुर्चीत बसले की. समोर आकडा दिसला की तो कसला आहे हे विचारायचं त्यांना भानच राहत नसे.

प्रवाशांच्या तक्रारी नोंदवायला त्यांनीच क्रमांक दिले होते. एक म्हणजे कंडक्टर उद्धट बोलला. दोन म्हणजे बस घाणेरडी होती. तीन म्हणजे बस थांब्यावर थांबलीच नाही. कपाटाच्या कप्प्यांना नंबर द्यावेत, तसे दिलेले. वर्षाच्या शेवटी जवळजवळ निम्म्या लोकांची तक्रार एक, जवळजवळ निम्म्यांची तीन. सरासरीरावांनी बेरीज केली, भागाकार केला आणि उत्तर आलं दोन. नुसती नावं ज्यांची, त्यांची बेरीज करू नये हे वर्गात तेच बोलले होते. पण दोन हा आकडा समोर स्वच्छ दिसत होता, आणि दोन म्हणजे बस घाणेरडी.

घाणेरड्या बसची तक्रार त्या वर्षी एका आजोबांनी केली होती, आणि तीही स्वतःच्या नातवाने सांडलेल्या दुधाबद्दल. तरी महिनाभर डेपोत पाण्याचे पाइप फिरले. बस आरशासारख्या झाल्या. मग त्या आरशासारख्या बस थांब्यावर न थांबता झळाळत पुढे जाऊ लागल्या आणि दारातून कंडक्टर पूर्वीसारखाच खेकसू लागला. मोठ्या साहेबांनी धुतलेल्या बससमोर फोटो काढून घेतला आणि सरासरीरावांची पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी वरून विचारणा आली की बस वेळेवर का नसतात. मोठे साहेब घाबरले. कोणाकडे धावायचं ते ठरलेलं होतं.

सरासरीरावांनी प्रत्येक बसची ठरलेली वेळ आणि खरी वेळ मागवली. उशीर झाला तर अधिक, आधी आली तर उणे. झालं होतं असं, की निम्मे ड्रायव्हर वेळेआधीच गाडी बाहेर काढत. थांब्यावर माणसं जमायच्या आत निघालं की बस हलकी पळते आणि घरी लवकर जाता येतं. मग चुकलेली सगळी माणसं मागच्या बसवर तुटून पडत आणि ती बस प्रत्येक थांब्यावर रखडत, धापा टाकत उशिरा पोहोचे. दहा मिनिटं आधी, दहा मिनिटं उशिरा. सरासरीरावांनी बेरीज केली. पुन्हा केली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली, आणि जिना दोन-दोन पायऱ्या उतरत मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, शून्य!"

"काय शून्य?"

"उशीर."

मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे आपल्या सगळ्या बस वेळेवर?"

"सरासरीने."

'सरासरीने' हा शब्द मोठ्या साहेबांना ऐकूच गेला नाही. नको ते शब्द त्यांना ऐकू येत नसत. त्याच गुणावर ते इतक्या वर चढले होते. आठवड्याभरात शहरातल्या प्रत्येक थांब्यावर पत्र्याचा निळा बोर्ड लागला: 'आमच्या बसचा सरासरी उशीर: शून्य मिनिटं.' त्या बोर्डाखाली लोक पूर्वीसारखेच ताटकळत उभे राहिले. फक्त आता त्यांना वाचायला काहीतरी झालं.

सरासरीराव स्वतः बसने जात नसत. त्यांना घ्यायला ऑफिसची जीप यायची. बायको मात्र रोज कोपऱ्यावरच्या थांब्यावरून बस पकडायची, किंवा पकडायचा प्रयत्न करायची. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासण्याचं काम करत असे. अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीवर बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं दिसतं की हे?" असं विचारत राहायचं. सकाळचे पेशंट तिच्यासाठी खोळंबायचे.

बोर्ड लागून महिना झाला असेल. एका संध्याकाळी ती आली, पर्स ओट्यावर ठेवली आणि पर्समधून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला लेखी समज दिली होती, सारखा उशीर होतो म्हणून.

"बस उशिरा येते म्हणून सांगायचं ना," सरासरीराव म्हणाले.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्याच थांब्यावर बोर्ड आहे की शून्य मिनिटं म्हणून. बोर्ड खोटा का तुम्ही खोट्या? आता काय बोलू? बोर्ड माझ्या नवऱ्याने लावलाय म्हणू?"

"आकडा खोटा नाहीये गं. मी तीनदा तपासलाय."

"अहो, आज माझ्याकडे एक पेशंट आला होता. एका डोळ्याचा नंबर अधिक दोन, दुसऱ्याचा उणे दोन. सरासरी किती?"

सरासरीरावांच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "शून्य."

"मग चष्म्याची गरज नाही म्हणून घरी पाठवून देऊ त्याला? जा बाबा, तुझे डोळे ठणठणीत आहेत?"

"ते वेगळं. डोळे वेगळे, बस वेगळी."

"हो का? मग माझी चुकलेली बस आणि दुसऱ्याची रखडलेली बस या दोन वेगळ्या नाहीत वाटतं." तिने आतून बॅग आणली. "ताईचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत आहे. चालत जाता येतं. मी काही दिवस तिथे राहते."

"किती दिवस?"

"सरासरी काढून कळवते," ती म्हणाली आणि निघाली.

पहिले दोन दिवस सरासरीरावांनी ताठ्यात काढले. तिसऱ्या दिवशी पाठ दुखायला लागली, कारण आता तिन्ही वेळा ओट्यापाशी त्यांनाच वाकावं लागत होतं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोला आणायला निघाले. सुट्टीला जीप नसते. म्हणजे बसच.

ते अगदी वेळेवर थांब्यावर पोहोचले. तिथे एक शिंपी कपड्यांचं गाठोडं पायाशी ठेवून कठड्यावर टेकला होता.

"बस यायचीय ना?"

"गेली," शिंपी म्हणाला.

"गेली कशी? आत्ता कुठे वेळ होतेय."

"ती वेळेआधीच जाते. आता मागची. ती येईल तेव्हा येईल."

"एक आधी, एक नंतर. म्हणजे दोन्ही मिळून वेळेवरच की!" सरासरीराव उत्साहाने म्हणाले.

शिंप्याने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दोन्ही मिळून? मग एक पाय हिच्यात आणि एक तिच्यात ठेवून जाऊ का, साहेब?"

मागची बस आली ती ओसंडून वाहत. थांबली नाही. शिंप्याने गाठोडं उचललं होतं, ते पुन्हा खाली ठेवलं, इतकं सवयीने की त्याने शिवीसुद्धा दिली नाही. सरासरीरावांना त्या शिवी न देण्याचंच वाईट वाटलं. त्यानंतरच्या बसमध्ये दोघे कसेबसे लोंबकळले. कंडक्टर त्यांच्याच वर्गातला निघाला.

"अरे, साहेब! सरका, सरका, साहेबांना आत घ्या! तो निळा बोर्ड यांचाच आहे!"

बसमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग हळूहळू एक कोपर त्यांच्या बरगडीत रुतलं. कोणाची तरी टाच त्यांच्या बुटावर आली. चुकूनच आली असावी, पण बराच वेळ हलली नाही. एक बाई शांतपणे म्हणाली, "तुमच्या शून्यापायी माझ्या मुलीची परीक्षा बुडायचीच बाकी होती." यावर काय म्हणायचं ते पहिल्या धड्यात नव्हतं.

मेव्हणीच्या घरी पोहोचले तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. साडूंनी दार उघडलं आणि त्यांचा चुरगळलेला शर्ट पाहून तोंडावर आलेलं हसू खोकल्यात दडवलं. बायकोने झाकून ठेवलेलं ताट पुढ्यात आणलं.

"चल ना घरी," ते म्हणाले.

"बस धड यायला लागली की येते."

"ती तशी धडच..." ते बोलता बोलता थांबले. बायकोने एवढंच पाहिलं आणि भाजी वाढली.

घरी परतल्यावर त्यांनी माळ्यावरून कॉलेजचं पुस्तक काढलं. दुसऱ्या धड्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती. पोस्टकार्डाच्या काठाने ती सोडवावी लागली. त्यात लिहिलं होतं ते कोणालाही कळण्यासारखं होतं. प्रत्येक आकडा मधल्या आकड्यापासून किती दूर आहे ते बघायचं, आणि अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून त्यांचे आधी वर्ग करायचे. मग सरासरी, मग वर्गमूळ. त्याला नाव प्रमाण विचलन. सरासरीरावांनी आपल्याच बसचं ते काढलं. दहा मिनिटं. बोर्डावर शून्य आणि खरं तर प्रत्येक बस दहा मिनिटं भरकटलेली. वीस वर्षं खात्याचा पगार घेऊन आपण अर्धंच पुस्तक वापरलं, हे कळायला शिंप्याचं गाठोडं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांना गाठलं.

"साहेब, बोर्डावर शून्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहायला हवा. विचलन."

"म्हणजे काय?"

"बस वेळेपासून किती भरकटतात ते."

"भरकटतात? हे आपण पत्र्यावर रंगवून घ्यायचं? तब्येत बरी आहे ना तुमची?"

मग सरासरीराव आयुष्यात पहिल्यांदा आकडा न घेता माणसाकडे गेले. डेपोच्या गेटवर टाइमकीपर बसायचा. त्याच्या शिट्टीशिवाय बस बाहेर पडत नसे, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं होतं.

"तू बस वेळेआधी सोडतोस का?"

"ड्रायव्हर हॉर्न मारतो, मी शिट्टी मारतो," शिट्टी म्हणाला. "गेट मोकळं ठेवा एवढंच सांगितलंय मला. घड्याळ बघा असं कोणी म्हटलंच नाही."

"आजपासून मी म्हणतो. वेळ झाल्याशिवाय शिट्टी नाही."

ड्रायव्हर चिडले, हॉर्न बडवत राहिले, दोघांनी तर शिट्टीशी बोलणं टाकलं. पण गेट उघडलं नाही. आणि पंधरवड्यात गंमत झाली. कोणाची बस चुकेना, म्हणून मागची बस तुंबेना. सगळ्याच बस चार मिनिटं उशिरा येऊ लागल्या, पण रोज चारच मिनिटं. माणसं चार मिनिटं उशिरा घरातून निघू लागली. डॉक्टरीणबाईंनी समज देणं बंद केलं. बायको एका संध्याकाळी बॅग घेऊन परत आली आणि पुढच्याच आठवड्यात गवंडी बोलावून तिने ओटा आपल्या मापाचा करून घेतला. सरासरीरावांनी मापाची टेप धरली. नाहीतरी पाठीला सवय झाली होती.

महिन्याचा अहवाल मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला आणि माडीवर बोलावणं आलं.

"चार? गेल्या महिन्यात शून्य होतं! कोणी बिघडवलं?"

"बिघडलं नाही, साहेब, सुधारलंय. आधी आकडे पांगलेले होते, आता एकत्र आलेत. विचलन जवळजवळ गेलंय. लोक खूश आहेत."

"खूश हे कसलं चल?"

सरासरीराव चाचरले. "गुणात्मक."

"मोजता येतं?"

"तसं आकड्यात नाही."

"आणि चार? चार मोजता येतं. शून्यापेक्षा चार जास्त, हे माझा नातूही सांगेल. मी वर काय तोंड दाखवू?"

वर दाखवायच्या तोंडाची सोय लगेच झाली. सरासरीरावांची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली आणि माडीवरच्या खुर्चीत मोठ्या साहेबांचा भाचा आला. त्याने पहिल्याच दिवशी शिट्टीला सांगितलं की एकाआड एक बस दहा मिनिटं आधी सोडायची. आकडा शून्यावर आला. डेपोला वक्तशीरपणाची ढाल मिळाली. ती घ्यायला मोठे साहेब गाडीने गेले.

हरवलेल्या सामानाची खोली टायरच्या गोदामामागे होती. तिथे छत्र्या होत्या, डबे होते, एकेका पायाचे बूट होते आणि कोणीही न्यायला न आलेलं एक हार्मोनियम होतं. जीप अर्थातच गेली. बायकोने मात्र एव्हाना बसचा नाद सोडून स्कूटर घेतली होती. रोज सकाळी ती सरासरीरावांना मागे बसवून डेपोच्या फाटकापाशी सोडायची आणि पुढे दवाखान्यात जायची. वाटेत निळ्या बोर्डाखाली उभी असलेली माणसं दिसली की सरासरीराव हेल्मेटची काच खाली ओढत.

एके दिवशी अशाच एका थांब्यावर एका आजी दिसल्या. एका डोळ्यावर पट्टी, हातात औषधांची पिशवी. बायकोने करकचून ब्रेक दाबला.

"आजी, आज टाके बघायचेत ना तुमचे? साडेनवाची वेळ दिली होती."

"बस जाऊन किती वेळ झाला गं बाई. दुसरीचा पत्ता नाही."

बायकोने मान मागे वळवली. "उतरा."

"मी?"

"छत्र्या कुठे पळून जात नाहीत. यांचा डोळा आहे. उतरा लवकर."

सरासरीराव उतरले. त्यांनी आजींना हात देऊन मागे बसवलं आणि त्यांची पिशवी हुकाला अडकवली. हेल्मेट काढून आजींच्या डोक्यावर घालू लागले तेव्हा पट्टीला धक्का लागेल म्हणून बायको ओरडली. मग हेल्मेट हातातच राहिलं. स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली. सरासरीराव थांब्यावर उभे राहिले.

थोड्या वेळाने एक मुलगी धावत आली. "काका, बस गेली का हो?"

"गेली," ते म्हणाले. "दुसरी येईल, पण भरलेली असेल. पुढच्या थांब्यावर उतरणारे जास्त असतात. तिथून चढू, चला."

आणि हेल्मेट काखेत मारून ते तिच्याबरोबर चालू लागले.